रेडिओ दीर्घिका विश्वाच्या वयाबरोबर कशा बदलल्या, आणि ते मोजताना कुठे फसायला होतं

प्रश्न असा आहे: विश्व तरुण असताना रेडिओ दीर्घिका (केंद्रातल्या कृष्णविवरामुळे रेडिओ लहरींत जोरदार चमकणाऱ्या दीर्घिका) आजच्यासारख्याच होत्या का? नसतील, तर हाताशी असलेल्या सर्वेक्षणाच्या यादीतून तो बदल कसा दाखवायचा?

थोडक्यात उत्तर आधी देतो. (रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप: आकडा जितका मोठा, तितका स्रोत दूर आणि काळ जुना.) सर्वांत शक्तिशाली रेडिओ दीर्घिका रेडशिफ्ट २ च्या आसपास, म्हणजे विश्वाचं वय जेमतेम ३.३ अब्ज वर्षं असताना, आजच्यापेक्षा शंभर ते हजार पट दाटीने विखुरलेल्या होत्या. त्याहूनही मागे गेलं की त्यांची घनता पुन्हा उतरते. दुबळ्या रेडिओ दीर्घिकांची गोष्ट निराळी: रेडशिफ्ट १ पर्यंत त्यांच्या घनतेत फार तर दोन-तीन पटींचा फरक पडतो. यजमान दीर्घिका, म्हणजे ज्यांच्या केंद्रातून ही रेडिओ ऊर्जा निघते त्या, मात्र जवळपास प्रत्येक काळात त्या त्या वेळच्या सर्वांत जड दीर्घिकांपैकीच असतात. दूरच्या रेडिओ दीर्घिका लहान दिसतात आणि त्यांचा वर्णपट अधिक उतरता असतो, म्हणजे वारंवारिता वाढते तशी चमक जास्त वेगाने घटते, हेही खरं, पण या दोन गोष्टींतला बराचसा भाग उत्क्रांती नाही. लेखाचा मोठा भाग त्यामुळेच या शेवटच्या वाक्यावर खर्च होणार आहे.

पहिला गोंधळ काळाच्या मापांचा. एका रेडिओ दीर्घिकेचं सक्रिय आयुष्य १ ते १० कोटी वर्षांचं, फार तर त्याच्या काही पट. रेडशिफ्ट २ पासून आजपर्यंतचा काळ १० अब्ज वर्षांहून थोडा जास्त. म्हणजे रेडशिफ्ट २ ला दिसणारा कुठलाही स्रोत आज जिवंत असण्याचा प्रश्नच येत नाही. मधल्या काळात शेकडो पिढ्या येऊन गेल्या. आपण पाहतो ती जनगणना आहे, कुणा एकाचं चरित्र नव्हे. लोकसंख्येचा बदल आणि व्यक्तीचं म्हातारपण हे दोन्ही एकाच आलेखात मिसळलेले असतात आणि त्यावर तिसरा थर चढतो तो आपल्या दुर्बिणीला काय दिसतं याचा. हे तिन्ही सुटे केल्याशिवाय ‘उत्क्रांती’ हा शब्द वापरू नये.

एका स्रोताचं आयुष्य साधारण असं जातं. दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराकडे वायू पडू लागतो आणि दोन विरुद्ध दिशांना कणांचे वेगवान झोत, म्हणजे जेट, सुटतात. सुरुवातीला सगळी रचना १ किलोपार्सेकच्याही (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) आत असते. अशा स्रोतांच्या दोन टोकांमधलं अंतर वाढताना अतिदीर्घ आधाररेषेच्या व्यतिकरणमापनाने प्रत्यक्ष मोजता येतं आणि त्यावरून वय काही शे ते काही हजार वर्षं निघतं. पुढे २० किलोपार्सेकपर्यंतचा टप्पा, त्यात रेडिओ वर्णपट उतरता आणि रचना यजमान दीर्घिकेच्या आतच. मग जेट बाहेरच्या उष्ण वायूत घुसतात आणि शेकडो किलोपार्सेक लांबीचे लोब, म्हणजे रेडिओत चमकणारे फुगे, तयार होतात. फॅनारॉफ आणि रायली यांनी १९७४ साली केलेली विभागणी इथे लागू पडते: एफआर-१ प्रकारात चमक केंद्राजवळ जास्त आणि बाहेर विरत जाते, एफआर-२ प्रकारात जेट शेवटपर्यंत टिकतो आणि टोकाला तेजस्वी ‘हॉटस्पॉट’ उमटतात. जेट बंद पडला की हॉटस्पॉट लगेच विझतात, लोब काही काळ कमी वारंवारितेला धुगधुगत राहतात. काही ठिकाणी इंजिन पुन्हा सुरू होतं आणि जुन्या लोबांच्या आत नवी जोडी दिसते. नुसत्या वयाच्या हिशेबाने जेवढे निघायला हवेत त्यापेक्षा लहान, तरुण स्रोत यादीत बरेच जास्त असतात. याचा सरळ अर्थ असा की पुष्कळ स्रोत मोठे होण्याआधीच बंद पडतात.

आता जनगणनेकडे. विश्व बदलतं याचा पहिला गंभीर रेडिओ पुरावा नुसत्या मोजणीतून आला. स्रोत अवकाशात समान विखुरलेले असतील आणि अवकाश युक्लिडीय असेल, तर एखाद्या फ्लक्सपेक्षा (आपल्यापर्यंत पोचणाऱ्या चमकेपेक्षा) तेजस्वी स्रोतांची संख्या त्या फ्लक्सच्या उणे दीड घाताने बदलायला हवी. १९५५ मध्ये मार्टिन राईल यांच्या केंब्रिजच्या गटाने दुसऱ्या सर्वेक्षणावरून हा उतार उणे ३ च्या आसपास असल्याचं जाहीर केलं. आकडा चुकीचा होता. दुर्बिणीच्या रुंद किरणपुंजात अनेक फिके स्रोत एकमेकांत मिसळून एकच तेजस्वी स्रोत असल्यासारखे मोजले गेले होते. पुढच्या, अधिक स्वच्छ सर्वेक्षणांत उतार उणे १.८ च्या जवळ आला, आणि तोही उणे १.५ पेक्षा तीव्रच होता. विश्व सदैव सारखंच असतं असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताला हे पचवता येईना. माल्कम लाँगेअर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की मोजणी जुळवायची तर सगळे स्रोत सारखेच बदलले असं मानून चालत नाही. फक्त शक्तिशाली स्रोत जोरात बदलले असं मानावं लागतं. आजही चित्र तेच आहे, फक्त आकडे सुधारलेत.

मोजणीपासून स्वतंत्र असा दुसरा पुरावा उटीच्या दुर्बिणीने दिला. ५३० मीटर लांबीच्या त्या दंडगोलाकार दुर्बिणीने चंद्र एखाद्या स्रोतावरून सरकताना संकेत कसा तुटतो ते ३२७ मेगाहर्ट्‌झला नोंदवून शेकडो फिक्या स्रोतांचे कोनीय आकार मोजले. गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये तिसऱ्या केंब्रिज यादीतल्या तेजस्वी स्रोतांशी त्यांची सांगड घालून दाखवलं की फ्लक्स उतरतो तसे आकार ज्या रीतीने घटतात, ती रीत न बदलणाऱ्या विश्वात बसत नाही. त्या काळी बहुतेक स्रोतांचे रेडशिफ्ट माहीत नव्हते, हे लक्षात घेतलं की या युक्तीचं मोल कळतं.

सध्याच्या समजुतीत दोन लोकसंख्या आहेत आणि फरक मुळात इंधनाचा आहे. पहिल्या प्रकारात थंड वायू भरपूर मिळतो. कृष्णविवर एडिंग्टन मर्यादेच्या (ज्यापुढे प्रारणाचा दाब वायूला आत पडू देत नाही तो वेग) साधारण १ टक्क्याहून जास्त वेगाने गिळतं, भोवती तेजस्वी चकती तयार होते आणि दृश्य वर्णपटात द्विआयनित ऑक्सिजनच्या ठळक रेषा दिसतात. यांना उच्च-उत्तेजन दीर्घिका म्हणतात. दुसऱ्या प्रकारात भोवतालचा उष्ण वायू हळूहळू निवून थेंबाथेंबाने आत येतो, चकती मंद असते, रेषा नसतात किंवा दुबळ्या असतात आणि ऊर्जा मुख्यतः जेटमधून बाहेर पडते. या निम्न-उत्तेजन दीर्घिका. थंड वायू पूर्वी मुबलक होता, म्हणून पहिला प्रकार रेडशिफ्टबरोबर झपाट्याने वाढतो, तारानिर्मितीच्या आणि क्वेसारांच्या इतिहासाशी समांतर. दुसऱ्या प्रकाराला तारानिर्मिती थांबलेल्या जड दीर्घिका लागतात, आणि त्या तरुण विश्वात कमी होत्या. म्हणून शांत यजमानांतले निम्न-उत्तेजन स्रोत मागे जाताना घटतात. पण लोफार या युरोपातल्या कमी वारंवारितेच्या रेडिओ दुर्बिणीच्या सखोल सर्वेक्षणांतून असं दिसलं की रेडशिफ्ट १ च्या पुढे तारे घडवत असलेल्या दीर्घिकांतही निम्न-उत्तेजन स्रोत मोठ्या संख्येने आहेत. घट आणि वाढ एकमेकांना झाकतात आणि बेरीज जवळजवळ सपाट दिसते. एकूण आलेख सपाट दिसला म्हणजे आत काही बदललं नाही असं समजू नका.

एफआर प्रकार आणि इंधनाचा प्रकार एकच आहेत असं गृहीत धरणं ही नेहमीची चूक. बहुतेक उच्च-उत्तेजन स्रोत एफआर-२ असतात हे खरं, पण उलट खरं नाही. निम्न-उत्तेजन एफआर-२ पुष्कळ आहेत. जेट टिकतो की मोडतो हे त्याच्या शक्तीइतकंच यजमानाच्या वायूवर अवलंबून असतं. १५० मेगाहर्ट्‌झला १०^२६ वॅट प्रति हर्ट्‌झ ही जुनी सीमारेषा आता ढोबळ मानावी. लोफारला तिच्या खूप खाली, हजार पट दुबळेसुद्धा, एफआर-२ सापडले आहेत.

प्रत्यक्ष कामाला लागलं की पहिली पायरी फ्लक्सवरून तेजस्विता, म्हणजे स्रोताची स्वतःची शक्ती, काढण्याची. सूत्र: तेजस्विता = ४ × पाय × (तेजस्विता-अंतर)^२ × फ्लक्स ÷ (१ + रेडशिफ्ट)^(१ + अल्फा). तेजस्विता-अंतर म्हणजे विश्वाचं प्रसरण धरून फ्लक्स आणि तेजस्विता जोडणारं अंतर. इथे फ्लक्स हा वारंवारितेच्या अल्फा घाताने बदलतो असं धरलंय, म्हणजे नेहमीच्या स्रोताला अल्फा उणे ०.७ ते उणे ०.८. काही लेखांत अल्फाचं चिन्ह उलट असतं. दोन याद्या जोडताना ते आधी तपासा, नाहीतर रेडशिफ्ट २ ला तेजस्विता पाच-सहा पटींनी चुकेल.

उदाहरण घेऊ. १५० मेगाहर्ट्‌झला १०० मिलिजॅन्स्की (जॅन्स्की हे रेडिओ फ्लक्सचं एकक), अल्फा उणे ०.८, हबल स्थिरांक ७०, द्रव्य घनता ०.३. स्रोत रेडशिफ्ट ०.१ ला असेल तर तेजस्विता सुमारे २.५ × १०^२४ वॅट प्रति हर्ट्‌झ. रेडशिफ्ट २ ला असेल तर सुमारे २.३ × १०^२७. तोच फ्लक्स, पण नऊशे पटींचा फरक. फ्लक्सची मर्यादा असलेल्या कुठल्याही यादीत दूरचे स्रोत शक्तिशालीच असणार, कारण दुबळे यादीत येतच नाहीत. म्हणून एकाच सर्वेक्षणात ‘रेडशिफ्टबरोबर अमुक गुणधर्म बदलतो’ असं दिसलं तर तो शक्तीबरोबर बदलतो की काळाबरोबर, हे सांगता येत नाही. उपाय एकच: वेगवेगळ्या खोलीची सर्वेक्षणं एकत्र घ्या, म्हणजे एकाच तेजस्वितेचे स्रोत निरनिराळ्या रेडशिफ्टला मिळतील. १७८ मेगाहर्ट्‌झला साधारण १० जॅन्स्कीच्या वरचे १७३ स्रोत असलेली, १९८३ ची सुधारित तिसरी केंब्रिज यादी अजूनही वरच्या टोकाला वापरली जाते, कारण तिच्यातल्या प्रत्येक स्रोताची ओळख आणि रेडशिफ्ट हाताशी आहेत. खालच्या टोकाला लोफारचं १४४ मेगाहर्ट्‌झचं सर्वेक्षण: २०२२ च्या दुसऱ्या प्रकाशनात उत्तर आकाशाचा २७ टक्के भाग आणि सुमारे ४४ लाख स्रोत.

याच उदाहरणात अल्फा उणे १.३ असता तर रेडशिफ्ट २ ची तेजस्विता ४ × १०^२७ निघाली असती. म्हणजे सगळ्यांना सरसकट उणे ०.७ लावून मोकळं होणं उच्च रेडशिफ्टला महागात पडतं. अल्फा मोजताना दोन वारंवारिता एकमेकींपासून दूर ठेवा. दोन्ही फ्लक्समध्ये १० टक्के चूक धरली, तर १५० आणि १४०० मेगाहर्ट्‌झमधून अल्फाची चूक ०.०६ येते, ३२५ आणि ६१० मधून ती ०.२२ होते, आणि तेवढ्या चुकीत सारा निष्कर्ष बुडतो. विभेदनही, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो तेही, जुळायला हवं. १.४ गिगाहर्ट्‌झचं ५ आर्कसेकंदाचं सर्वेक्षण पसरलेल्या लोबांचा बराच फ्लक्स गमावतं. त्याची जोडी १५० मेगाहर्ट्‌झच्या २५ आर्कसेकंदाच्या जीएमआरटी (नारायणगावजवळची रेडिओ दुर्बीण) सर्वेक्षणाशी लावली की अल्फा खोटा उतरता येतो. तिथे ४५ आर्कसेकंदाचं, १.४ गिगाहर्ट्‌झचंच दुसरं सर्वेक्षण वापरा आणि किरणपुंजात शेजारचा स्रोत मिसळला नाही ना, ते ५ आर्कसेकंदाच्या प्रतिमेत पाहा.

संख्या मोजताना घनफळाने भागणं विसरलं जातं, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. संपूर्ण आकाशात रेडशिफ्ट ०.१ पर्यंतचं सहगामी (प्रसरणाचा परिणाम काढून मोजलेलं) घनफळ सुमारे ०.३ घन गिगापार्सेक आहे. रेडशिफ्ट १.९ ते २.१ या पातळ कवचाचं सुमारे ९७. तीनशे पट जास्त जागेत जास्त स्रोत दिसणारच. त्याला उत्क्रांती म्हणत नाहीत. याच हिशेबाने पाहिलं तर रेडशिफ्ट ०.०५६ वरचा सिग्नस-ए, ज्याची तेजस्विता या वारंवारितांना १०^२८ वॅट प्रति हर्ट्‌झच्या पार जाते, आपल्या इतक्या जवळ असणं हा निव्वळ योग आहे. अशा स्रोतांसाठी जवळच्या विश्वातली घनता एक-दोन नगांवर ठरते, आणि ‘हजार पट वाढ’ या आकड्याचा भाजक तोच असतो. तेव्हा त्या आकड्यातली अनिश्चितता मुख्यतः जवळच्या टोकाकडून येते, दूरच्या नव्हे.

घनता काढण्याची रूढ रीत म्हणजे प्रत्येक स्रोतासाठी तो यादीच्या मर्यादेत राहून किती दूरपर्यंत दिसला असता ते घनफळ काढायचं आणि त्याच्या व्यस्तांची बेरीज करायची. मर्यादा रेडिओची आणि दृश्य-अवरक्ताची अशी दुहेरी असते. दोन्हींपैकी जी आधी लागते ती घ्यायची. सर्वेक्षणातला आवाज सगळीकडे सारखा नसतो, म्हणून प्रत्येक फ्लक्सला किती चौरस अंश खरोखर उपलब्ध आहेत याचा तक्ता लागतो. एखाद्या पेटीत (तेजस्विता आणि रेडशिफ्टच्या एका गटात) चारच स्रोत असतील तर चूक निम्म्याची आहे हे आलेखावर दिसू द्या.

‘घनता वाढली’ की ‘प्रत्येकाची तेजस्विता वाढली’ हा वादही आधी गणिताने तपासावा. तेजस्विता फलनाचा (कुठल्या तेजस्वितेचे किती स्रोत या आलेखाचा) उतार तेजस्वी टोकाला उणे २ असेल, तर सगळ्यांची तेजस्विता दहापट वाढणं आणि संख्या शंभरपट वाढणं यात विदेत काहीच फरक दिसत नाही. फलनाला जिथे वळण आहे तो भाग विदेत असेल तरच दोन्ही वेगळे करता येतात. खोल पण अरुंद सर्वेक्षण आणि उथळ पण रुंद सर्वेक्षण, दोन्ही हवीत ती यासाठी.

आता सर्वांत रंजक भाग: विश्व स्वतःच लोबांना विझवतं. लोबातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरून रेडिओ ऊर्जा देतात, आणि त्याच वेळी वैश्विक मायक्रोवेव्ह पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या प्रारणाच्या) फोटॉनांना धडकून ऊर्जा गमावतात. त्या प्रारणाची ऊर्जा घनता (१ + रेडशिफ्ट) च्या चौथ्या घाताने वाढते. समतुल्य, म्हणजे तेवढ्याच ऊर्जा घनतेच्या, चुंबकीय क्षेत्रात सांगायचं तर ३.२५ × (१ + रेडशिफ्ट)^२ मायक्रोगाउस: आज ३.२५, रेडशिफ्ट २ ला २९, रेडशिफ्ट ४ ला ८१. मोठ्या लोबांतलं क्षेत्र साधारण काही मायक्रोगाउस ते काही दहा मायक्रोगाउस असतं, म्हणजे रेडशिफ्ट २ च्या पुढे पार्श्वप्रारणाची बाजू सहज वरचढ होते.

इलेक्ट्रॉनांचं वय, दशलक्ष वर्षांत, असं काढतात: १५९० ला चुंबकीय क्षेत्राच्या वर्गमुळाने गुणायचं, मग क्षेत्राचा वर्ग अधिक समतुल्य क्षेत्राचा वर्ग या बेरजेने भागायचं, आणि वर्णपट जिथे वाकतो ती वारंवारिता (गिगाहर्ट्‌झमध्ये) गुणिले (१ + रेडशिफ्ट) याच्या वर्गमुळाने पुन्हा भागायचं. क्षेत्रं मायक्रोगाउसमध्ये. ५ मायक्रोगाउसच्या लोबासाठी १.४ गिगाहर्ट्‌झला शून्याजवळच्या रेडशिफ्टला उत्तर ८४ येतं. रेडशिफ्ट २ ला तेच २ वर येतं. १५० मेगाहर्ट्‌झला हे आकडे अनुक्रमे सुमारे २६० आणि ६. क्षेत्र समतुल्य क्षेत्राच्या १/√३ पट असताना हे वय कमाल होतं, म्हणून रेडशिफ्ट २ ला, क्षेत्र काहीही माना, १.४ गिगाहर्ट्‌झला दिसणारा इलेक्ट्रॉन साधारण २८ लाख वर्षांहून जुना असू शकत नाही. क्षेत्राबद्दल एक सावधगिरी: ऊर्जेच्या समविभाजनाच्या (कण आणि चुंबकीय क्षेत्र यांत ऊर्जा जवळपास सारखी वाटलेली असते या) गृहीतकातून येणारं क्षेत्र वापरण्याची सवय आहे, पण एफआर-२ लोबांच्या क्ष-किरण मोजणीतून ते त्याच्या साधारण निम्मं निघतं.

याचे परिणाम दूरवर जातात. लोब विझले तरी हॉटस्पॉट टिकतात, कारण सिग्नस-एसारख्या स्रोतात तिथलं क्षेत्र शेकडो मायक्रोगाउसच्या घरात असतं. त्यामुळे उच्च रेडशिफ्टची रेडिओ दीर्घिका दोन ठिपक्यांसारखी दिसते, मधलं जोडणारं धुकं गायब. बंद पडलेला स्रोत तर तिथे काही दशलक्ष वर्षांत नाहीसाच होतो, म्हणून उच्च रेडशिफ्टला मृत स्रोत कमी सापडतात यावरून तेव्हा इंजिनं बंद पडत नव्हती असा अर्थ काढता येत नाही. तीच गमावलेली ऊर्जा क्ष-किरणांत बाहेर पडते, आणि तिथे (१ + रेडशिफ्ट) चा चौथा घात पृष्ठतेजाच्या (आकाशातल्या ठरावीक क्षेत्रावरच्या चमकेच्या) घटीला नेमका खाऊन टाकतो. विझलेले लोब शोधायचे तर खरं साधन क्ष-किरण दुर्बीण आहे.

त्याशिवाय पृष्ठतेजाची नेहमीची घट आहेच. रेडशिफ्ट ०.१ चा स्रोत उचलून २ ला ठेवला, अल्फा उणे ०.८ धरला, तर पृष्ठतेज ४५ पट उतरतं आणि एका आर्कसेकंदात १.८ ऐवजी ८.४ किलोपार्सेक मावतात. एफआर-१ चे विरत जाणारे पंख आधी गळून पडतात आणि उरलेला गाभा ‘संहत’, म्हणजे ठिपक्याएवढा, स्रोत म्हणून नोंदला जातो. रेडशिफ्ट १ च्या पुढे एफआर-१ कमी आहेत असं लिहिण्याआधी जवळचे खरे एफआर-१ गणिताने दूर नेऊन, आवाज मिसळून, त्याच प्रणालीतून पुन्हा वर्गीकृत करून बघा. किती ओळखू येतात ते पाहिल्यावर वाक्य बहुधा बदलावं लागतं.

आकारांच्या बाबतीत ब्लंडेल आणि रॉलिंग्स यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा अजून पुरेसा मुरलेला नाही असं मला वाटतं. एफआर-२ स्रोत वाढत जातो तशी त्याची तेजस्विता उतरते, आणि उच्च रेडशिफ्टला वर सांगितलेल्या कारणाने आणखी वेगाने. म्हणून फ्लक्स मर्यादेच्या वर तिथे फक्त तरुण स्रोत दिसतात. तरुण म्हणजे लहान, आणि लहान म्हणजे ‘पूर्वी आकार छोटे होते’ असा निष्कर्ष. दाट वायूमुळे वाढ अडत असेल हे शक्य आहे, पण ते सिद्ध करायला आधी हा परिणाम वजा करावा लागतो. महाकाय स्रोत फक्त आजच्या विरळ विश्वातच बनतात ही समजूतही डळमळीत झाली आहे: २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पोर्फिरिऑन या स्रोताची लांबी सुमारे ७ मेगापार्सेक आहे आणि तो रेडशिफ्ट ०.९ च्या आसपास आहे, विश्वाचं वय आजच्या निम्म्याहून कमी असतानाचा.

अतिउतरत्या वर्णपटाची युक्ती या सगळ्यातून जन्मली. अल्फा उणे १.३ किंवा त्याहून उतरता असलेले संहत स्रोत निवडले की उच्च रेडशिफ्टचे स्रोत हाती लागण्याची शक्यता वाढते. १९९९ मध्ये रेडशिफ्ट ५.१९ ची रेडिओ दीर्घिका याच वाटेने मिळाली आणि तो विक्रम जवळपास दोन दशकं टिकला. शोधण्यासाठी ही पद्धत उत्तम. पण अशा नमुन्यावरून घनता काढू नका. साध्या वर्णपटाचे दूरचे स्रोत त्यात आलेलेच नसतात.

ओळख पटवताना सर्वांत जास्त कष्ट जातात. रेडिओ प्रतिमेत रेडशिफ्ट नसतो, तो यजमानाकडून मिळवावा लागतो. दोन लोबांच्या मधोमध असलेली दीर्घिकाच यजमान असेल असं नाही. गाभा दिसत असेल तर त्याची जागा धरा. वर्णपट मिळणार नसेल तर २.२ मायक्रॉनचं अवरक्त तेज ढोबळ अंदाज देतं. लिली आणि लाँगेअर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की शक्तिशाली रेडिओ दीर्घिकांचं हे तेज रेडशिफ्टबरोबर बऱ्यापैकी नियमाने उतरतं, कारण यजमान सगळेच १०^११ सौरवस्तुमानाच्या वरचे. दुबळ्या स्रोतांना हा नियम लावला की रेडशिफ्ट खोटा मोठा निघतो. प्रकाशमितीय (वर्णपटाऐवजी निरनिराळ्या रंगांतल्या तेजावरून काढलेल्या) रेडशिफ्टमध्येही सरासरी चुकीची फारशी काळजी नसते, घसरगुंडीची असते: ०.५ चा स्रोत २.५ ला गेला तर तो दुबळ्या पेटीतून उडून शक्तिशाली पेटीत पडतो, आणि तिथे मुळात मोजकेच स्रोत असल्याने आख्खा आलेख वर उचलतो.

आणखी एक गाळणी हवी. वर्षाला १ सौरवस्तुमान एवढी तारानिर्मिती १.४ गिगाहर्ट्‌झला साधारण दीड ते दोन × १०^२१ वॅट प्रति हर्ट्‌झ देते. रेडशिफ्ट २ ला वर्षाला ५०० सौरवस्तुमानं घडवणाऱ्या दीर्घिका दुर्मीळ नाहीत, म्हणजे १०^२४ पर्यंतचा रेडिओ संकेत कुठलाही जेट नसताना येऊ शकतो. अवरक्त विदेवरून तारानिर्मिती काढा, तिच्यातून अपेक्षित रेडिओ संकेत काढा, आणि त्याहून ठळकपणे जास्त असेल तरच रेडिओ दीर्घिका म्हणा. ही मर्यादा रेडशिफ्टबरोबर वर सरकते, त्यामुळे एकच ठरावीक तेजस्विता सगळीकडे लावली तर दुबळ्या टोकाला खोटी वाढ दिसते.

परिसराबद्दल थोडं. रेडशिफ्ट ०.६ च्या पुढे शक्तिशाली स्रोतांत दृश्य प्रकाशाचा पसारा रेडिओ अक्षाच्या दिशेने लांबलेला दिसतो. हे १९८७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. जवळच्या स्रोतांत असं फारसं नसतं. म्हणजे तेव्हा जेट वायूने भरलेल्या दीर्घिकेतून वाट काढत होते. रेडशिफ्ट २.१६ ची ‘स्पायडरवेब’ दीर्घिका आजूबाजूच्या डझनावारी छोट्या दीर्घिका ओढून घेताना दिसते; ती घडत असलेल्या दीर्घिकागुच्छाचं केंद्र आहे. आजच्या गुच्छांत तीच भूमिका निम्न-उत्तेजन स्रोत निभावतात: उष्ण वायूत पोकळ्या फुगवून तो निवू देत नाहीत. आज १०^११ सौरवस्तुमानावरच्या दीर्घिका १५० मेगाहर्ट्‌झला १०^२१ वॅट प्रति हर्ट्‌झच्या पातळीवर जवळजवळ सगळ्याच ‘चालू’ असल्याचं लोफारच्या विदेतून दिसतं.

शेवटी रेडशिफ्ट ३ च्या पुढच्या उताराबद्दल, कारण घाई तिथेच जास्त होते. प्रत्येक नमुन्यात काही स्रोत उरतात ज्यांना यजमानच सापडत नाही किंवा वर्णपटात एकही रेषा येत नाही. त्यांना गाळून टाकलं तर घट आपोआप दिसते, कारण दूरचे स्रोत नेमके त्यांच्यातच लपलेले असतात. म्हणून आलेख दोनदा काढा: एकदा हे सगळे स्रोत रेडशिफ्ट २ ला मानून, एकदा सगळे ५ ला मानून. दुसऱ्या टोकालाही घट टिकली तरच ती विदेतून आलेली घट आहे. टिकली नाही, तर पुढचा अर्ज मोठ्या दुर्बिणीवर वर्णपटाच्या वेळेसाठी करायचा आणि तोवर आलेखाची रेघ रेडशिफ्ट ३ ला थांबवायची.